शेवट कोणाच्या पदरी?

व्रताच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना गोष्ट सुफळ संपूर्ण झालेली हवी असते. गेलेलं राज्य परत मिळतं, रुसलेली देवी प्रसन्न होते आणि ऐकणाऱ्याने हातातल्या अक्षता वाहून समाधानाने उठायचं असतं. संस्कृत नाटकही सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना करणाऱ्या भरतवाक्याने संपतं. रंगमंचावर मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये, असा तिथला संकेत. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांदेखत प्राण सोडतो, पण ते नाटक नेहमी अपवाद म्हणूनच सांगितलं जातं. या संस्कारांत वाढलेल्या समाजाने ‘फँड्री’, ‘कोर्ट’ आणि ‘सैराट’ कसे घडवले, आणि ते तिकीट काढून कसे पाहिले, हा प्रश्न मला फार दिवस खुणावतो आहे. मित्रांना सिनेमा सुचवताना माझ्या यादीत असे चित्रपट हमखास असतात, आणि समोरून हमखास विचारलं जातं, ‘शेवट गोड आहे ना?’ त्याचं नीट उत्तर द्यायचं तर या शेवटांची वंशावळच मांडायला हवी. शेवट न सांगता ती मांडता येणार नाही, हे वाचकाने आधीच लक्षात घ्यावं.

एक भेद सुरुवातीलाच करायला हवा. दुःखाचा शेवट वेगळा आणि अस्वस्थ करणारा शेवट वेगळा. दुःखाच्या शेवटी आपण रडतो आणि रडून मोकळे होतो. ‘श्यामची आई’ (१९५३) पाहून डोळे पाणावत नाहीत असा माणूस विरळा. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान मिळवणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटात आई जाते, पण तिची शिकवण मागे उरते आणि आपण थोडे चांगले होऊन घरी येतो. अस्वस्थ करणारा शेवट असं मोकळं होऊ देत नाही. तो पाहताना विचारावं, शेवटी भार कोणावर टाकला? पात्रावर, व्यवस्थेवर, की खुर्चीत बसलेल्या आपल्यावर? माझं म्हणणं असं, की साधारण शंभर वर्षांत मराठी माणसाच्या सिनेमात हा भार पात्राच्या डोक्यावरून उतरून प्रेक्षकाच्या पदरी आला. तो एका दिवसात आला नाही. माणसांच्या हातांतून, एका पिढीकडून दुसरीकडे सरकत आला.

सिंधूचा वारसा

शोकान्त नाटक आपल्याकडे आलं ते शेक्सपिअरच्या वाटेने. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’. हे १८८०-९० चं दशक. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीने यमूच्या आयुष्याची झालेली होरपळ घरोघरी पोचवली. पण देवलांच्या ‘शारदे’लाही (१८९९) जीव देण्याच्या काठावरून परत आणून तिचं लग्न लावून द्यावं लागलं. मराठी प्रेक्षकाला पूर्ण अंधारात नेऊन तिथेच सोडण्याचं धाडस केलं राम गणेश गडकऱ्यांनी. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं ते १९१९ साली. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी गेले होते. त्यांना तो प्रयोग दिसला नाही.

त्या नाटकात मूल जातं, सिंधू जाते आणि तिचा नवरा सुधाकर दारूत विष कालवून तोच प्याला ओठांना लावतो. नवऱ्याच्या हातून घाव बसल्यावरही सिंधू पोलिसांना खोटं सांगून त्याला वाचवते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्र रडवला, आणि त्या रडण्यातच एक सोय होती. सगळा भार सिंधूने उचललेला. तिचं पातिव्रत्य इतकं उंच, की तिच्यावर हे का ओढवलं असं विचारण्याऐवजी प्रेक्षकाने तिला हात जोडावेत. पुढची कित्येक वर्षं मराठी पडद्यावर दुःख म्हणजे सोसणारी बाई, हे समीकरण इथून पक्कं झालं.

कोल्हापूर, पुणे आणि एक चिठ्ठी

पडद्यावरची पहिली वेगळी खूण कोल्हापूरची. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहराकडे, गिरणीकडे ढकलला जातो. पौराणिक चमत्कारांच्या त्या दिवसांत या चित्रपटाने कर्ज, कागद आणि अंगठा यांची गोष्ट सांगितली. मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. निर्माते जे. बी. एच. वाडियांनी आपल्या आठवणीत त्यातली अंधूक उजेडातली उदास झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा नोंदवून ठेवला आहे, एवढ्यावर आपल्याला भागवावं लागतं.

त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या तीन टप्प्यांवर हेच नाव भेटतं. १९३७ साली प्रभातसाठी शांतारामांनी ‘कुंकू’ केला, तोही नारायण हरी आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा त्यांना नवरा मानायला ठाम नकार देते. शांता आपट्यांची नीरा रडत नाही, भांडते. शेवटी केशवराव दात्यांचे काकासाहेब आपली चूक ओळखतात आणि नीराने योग्य माणसाशी लग्न करावं अशी इच्छा चिठ्ठीत लिहून आयुष्य संपवतात.

हा शेवट मी सुरुवातीला भावनेच्या भरात केलेला समजत असे. नंतर त्यामागचा कायदा लक्षात आला. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता होती, पण हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडावं लागलं. १९३७ साली नीरासारख्या बाईला घटस्फोटाची सरळ वाट नव्हती. म्हणजे काकासाहेब जिवंत असेपर्यंत नीराची सुटका शक्यच नव्हती. तिला मोकळं करायचं तर त्यांनी मरायलाच हवं होतं. त्या चिठ्ठीत एका माणसाचा पश्चात्ताप आहे, तसाच एका समाजाच्या कायद्यातला बंद दरवाजाही आहे. आणखी एक गोष्ट पुढे कामी येईल म्हणून इथेच सांगतो. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. प्रेक्षकाने कुठे हळवं व्हायचं हे सांगायला व्हायोलिन नव्हतं.

दोन वर्षांनी ‘माणूस’ आला. ‘देवदास’च्या लाटेला शांतारामांनी दिलेलं हे उत्तर होतं. प्रेमभंग झाला म्हणून दारूत बुडून मरणारा नायक त्यांना मान्य नव्हता. हवालदार गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांचं प्रेम सफल होत नाही. मैनेच्या हातून खून होतो, ती शिक्षा पत्करते आणि पळून जायला मदत करू पाहणाऱ्या गणपतला परत पाठवते. तिने त्याला मागे ठेवलं ते जगण्यासाठी. कटू शेवट आणि पराभव या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मराठी सिनेमाने इथे शिकून घेतलं.

स्वतःच्याच खुनाची शिक्षा

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत कौटुंबिक आणि तमाशापटांनी पडदा व्यापला. मग १९७२ साली सत्तरी ओलांडलेल्या शांतारामांनी ‘पिंजरा’ केला. मूळ धागा जर्मन ‘ब्लू एंजल’चा, पण शेवट आपल्या मातीत उगवलेला. तमाशातल्या बाईच्या नादाने घसरलेले गुरुजी मेले असं गावाला वाटतं. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि जिवंत गुरुजींवर गुरुजींच्याच खुनाचा आरोप येतो. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून ते गप्प राहतात, स्वतःच्या खुनाची शिक्षा स्वतः भोगतात.

वरवर हा त्याग आहे, सिंधूच्या जातीचा. पण नीट पाहिलं तर इथे पहिल्यांदा पुतळा पूजणारं गाव संशयाच्या घेऱ्यात येतं. खऱ्या माणसाला ओळखायला कोणी तयार नाही. सगळ्यांना पुतळा पुरतो. याच चित्रपटातले डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले हे दोघे पुढच्या टप्प्याचे आधारस्तंभ झाले.

तो टप्पा विजय तेंडुलकरांचा. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या शेवटी खोट्या खटल्याचा खेळ संपवून मंडळी निघून जातात आणि लीला बेणारे एकटी उरते. ज्यांनी तिला उभं सोललं ते चारचौघांसारखेच लोक. कुणी खलनायक नाही. सत्यदेव दुबेंनी १९७१ साली त्याचा चित्रपट केला. कॅमेरा गोविंद निहलानींचा. पुढे हेच निहलानी श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’चे (१९७४) छायालेखक झाले. ‘अंकुर’ तेलंगणातल्या जमीनदारीची गोष्ट. तिच्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो आणि पळतो. काच फुटते, बाकी काही बदलत नाही. हा दगड लक्षात ठेवावा.

तेंडुलकरांच्याच लेखणीतून, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात ‘सामना’ आला. साखर कारखान्याच्या जोरावर अख्खा मुलूख मुठीत ठेवणारे हिंदुराव आणि कुठून तरी भटकत आलेला दारुडा मास्तर. मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा चित्रपट त्या प्रश्नाने आजही ओळखला जातो. हिंदुरावांना शेवटी जाब द्यावा लागतो, पण आपल्या मनात उरतो तो हा विचार, की असे किती मारुती कांबळे असतील ज्यांच्याबद्दल विचारायला एकही मास्तर आला नाही.

‘सिंहासन’ (१९७९) जाब मिळण्याची आशादेखील काढून घेतो. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलवण्यासाठी दिवसरात्र डाव टाकले जातात आणि अखेर सगळे पुन्हा एकत्र येऊन सत्ता वाटून घेतात. हे जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. दिगूच्या भूमिकेतल्या निळू फुल्यांचं ते हसणं मला मराठी सिनेमातला सर्वांत भीतिदायक आवाज वाटतो. कोणी मरत नाही. फक्त सत्य माहीत असलेल्या माणसाला त्या सत्याचं करायचं काय, हे कळत नाही. आणीबाणीतून बाहेर आलेल्या आणि नंतरच्या तडजोडी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे हसू ओळखीचं होतं. भार आता व्यक्तीवरून व्यवस्थेवर सरकला होता.

किंमत कोणी मोजली

या काळाचं कौतुक करताना एक गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही. व्यवस्थेला दोषी ठरवणाऱ्या या शेवटांतही किंमत बाईनेच मोजली. ‘निशांत’मध्ये (१९७५) गाव उठाव करतं, पण जमावाचा राग गुन्हेगार आणि बळी यांत भेद करत नाही, सुशीलाही त्यात मारली जाते. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) नाग्या डोंगरावरच्या मधमाश्यांवर मात करतो आणि त्याच क्षणी चिंधीला गमावतो. आणि ‘आक्रोश’ (१९८०). निहलानींनी दिग्दर्शित केलेला, तेंडुलकरांनी लिहिलेला हा हिंदी चित्रपट आदिवासी लहान्या भिकूची गोष्ट सांगतो. बायकोच्या खुनाचा खोटा आरोप झालेला लहान्या चित्रपटभर गप्प आहे. बापाच्या अंत्यविधीला त्याला बेड्यांतून सोडतात, तेव्हा तो कुऱ्हाड उचलून आपल्या तरुण बहिणीला मारतो, कारण तिच्या वाट्यालाही बायकोचंच नशीब येणार हे त्याला दिसतं. मग आभाळाकडे तोंड करून किंचाळतो.

ओम पुरींची ती किंकाळी थोर अभिनयाची आहे यात शंका नाही. पण त्या बहिणीला कोणी विचारलं नाही, हेही मी त्याच वेळी म्हणतो. चित्रपट मोठा आहे म्हणून त्याच्याशी भांडायचं नाही, असं होऊ नये. असे शेवट भांडणासाठीच असतात.

या प्रश्नाला त्याच मंडळींकडून उत्तर आलं, ते ‘उंबरठा’ (१९८२). शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी केलेला. सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते, तिथल्या गैरकारभाराशी झगडते, हरून घरी येते. घरात तिची जागा राहिलेली नसते. नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं असतं. ती पुन्हा निघते. रक्त नाही, प्रेत नाही, तरी या शेवटाने घराघरांत वाद पेटवले. मेलेल्या बाईसाठी रडता येतं. निघून गेलेल्या बाईशी वाद घालावा लागतो. सिंधूपासून सुरू झालेली साखळी स्मिता पाटीलच्या सुलभाने तोडली, असं मी मानतो.

दगड आपल्या दिशेने

त्यानंतरची वीस वर्षं मुख्यतः विनोदी आणि कौटुंबिक चित्रपटांची. ‘श्वास’ने (२००४) पुन्हा दार उघडलं, डोळे गमावणार हे माहीत असलेल्या नातवाला एक दिवसाचं जग दाखवणारा आजोबा महाराष्ट्राने उचलून धरला. पुढच्याच वर्षी निशिकांत कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’ने नियम पाळणाऱ्या माधव आपट्याचा अंत दाखवला.

मग सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे आले. ‘फँड्री’ २०१४ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातल्या जब्याला शाळेतली शालू आवडते, आणि सगळ्या गावासमोर, शालूसमोर, त्याला घरच्यांबरोबर डुक्कर पकडावं लागतं. मेलेलं डुक्कर टांगून घरची माणसं शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबांची चित्रं. मंजुळे यावर एक शब्दही बोलत नाहीत. टिंगल करणाऱ्यांवर जब्या दगड उचलतो आणि शेवटचा दगड थेट पडद्याबाहेर, आपल्या तोंडावर भिरकावतो. ‘अंकुर’मधल्या मुलाचा दगड जमीनदाराच्या काचेवर पडला होता. चाळीस वर्षांनी दगडाची दिशा बदलली. मधल्या काळात ज्या प्रेक्षकाने जमीनदाराला दोष देऊन स्वतःला सोडवलं, तोच आता समोर होता. आणि जब्याच्या बापाच्या, कचरूच्या भूमिकेत होते किशोर कदम, ज्यांना अभिनयात घडवलं ते सत्यदेव दुबेंनी. बेणारेला एकटं सोडणाऱ्या त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने.

२०१५ साली चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ पडद्यावर आला. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला चालतो, तारखा पडत राहतात, जामीन नाकारला जातो, उन्हाळी सुट्टी लागते. न्यायालयातले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटून माणसं उठू लागतात, आणि पुढे सहल दिसते. न्यायाधीश महाशय नातलगांबरोबर रिसॉर्टवर आहेत, न बोलणाऱ्या मुलासाठी कोणाला अंगठीचा खडा सुचवत आहेत. बाकावर डुलकी लागते, मुलं ओरडून दचकवतात, ते एका पोराच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. इतकंच. साधी डुलकी किती माणसांच्या आयुष्यावर पडते, हे सांगायला ताम्हाणेंना आवाज चढवावा लागला नाही.

आणि २०१६ चा ‘सैराट’. अजय-अतुल यांच्या संगीताने दोन तास प्रेक्षकाला नाचवत, हसवत आणलं. वेगळ्या जातींचे म्हणून गावातून पळालेल्या आर्ची-परश्याचा संसार हैदराबादेत उभा राहतो. एक दिवस आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटवस्तू घेऊन येतो. चहा होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लहानगं परत येतं तेव्हा घरात आई-बाप रक्तात पडलेले. त्या क्षणी चित्रपटातला आवाज बंद होतो. ‘कुंकू’ने पार्श्वसंगीत नाकारलं होतं, मंजुळेंनी आधी ते भरभरून दिलं आणि नेमक्या वेळी काढून घेतलं. रडायला सूरच उरला नाही. आर्ची सिंधूसारखी त्याग करत नाही, सुलभासारखी निघूनही जात नाही. ती आणि परश्या यांना शिक्षा होते ती फक्त सुखाने जगल्याबद्दल.

दोन वर्षांनी याचा हिंदी अवतार ‘धडक’ आला. त्यात नवरा आणि मूल मरतं, बायको मागे राहून टाहो फोडते. जात धूसर झाली आणि दुःख पुन्हा एका रडणाऱ्या बाईच्या ओंजळीत आलं. शंभर वर्षांचा प्रवास एका बदलात उलटा फिरला. शेवट म्हणजे केवळ कथेचं टोक नव्हे. सगळा चित्रपट कोणाच्या बाजूने उभा आहे हे तिथे ठरतं.

सुचवायचं ते कसं

हे चित्रपट मित्राला सुचवताना मी क्रम पाळतो. सुरुवात ‘उंबरठा’ने, कारण त्याच्यावर बोलणं सोपं जातं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबरही तो पाहता येतो. मग ‘कुंकू’, जुना आहे म्हणून टाळणाऱ्यांना त्यातली नीरा पहिल्या अर्ध्या तासात जिंकते. राजकारणावर तावातावाने बोलणाऱ्याला ‘सिंहासन’, न्यायावर सहज विश्वास ठेवणाऱ्याला ‘कोर्ट’. ‘फँड्री’ मी शिक्षक असलेल्या प्रत्येक मित्राला सुचवतो. ‘सैराट’ बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण गाण्यांसाठी. त्यांना शेवटची दहा मिनिटं पुन्हा पाहा असं सांगतो. ‘आक्रोश’ सर्वांत शेवटी, आणि आधी विचारून. ज्याच्या घरात नुकतंच दुःख झालं आहे त्याला यातला एकही नाही. त्याला आधी माणूस लागतो, सिनेमा नंतर.

आणि सुचवलं की तिथे काम संपत नाही. पाहून झाल्यावर त्याच्याशी बोलायची तयारी ठेवावी लागते, त्याने चिडून फोन केला तर ऐकून घ्यावं लागतं. असे चित्रपट एकट्याने पचवण्यासाठी केलेले नाहीत. त्यांनी प्रेक्षकाच्या पदरी टाकलेला भार एका माणसाला जड जातो, चार जणांत वाटला की त्याची चर्चा होते, आणि चर्चेतून कधीकधी वागणूक बदलते. म्हणून ‘शेवट गोड आहे ना?’ असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो: नाही, गोड नाही. पण खरा आहे, आणि तो बघून झाल्यावर आपण दोघं त्याबद्दल बोलणार आहोत.